आठ शेतांची भज्जी

कचेरीत वाकून सलाम करताना माझ्या शेरवानीचं पोटावरचं बटण तुटलं आणि थेट तहसीलदारसाहेबांच्या दौतीत जाऊन पडलं. त्याच क्षणी मी ठरवलं, उद्यापासून भाजी खायची. निजामाच्या राज्यात शेरवानीशिवाय कचेरीत पाऊल टाकायची सोय नव्हती, आणि महायुद्धामुळं नवं कापड मिळत नव्हतं. शेरवानी वाढणार नव्हती, तेव्हा मलाच कमी व्हावं लागणार होतं.

तशी मला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची, आणि माझी बायको तुळजाबाई त्यानं धास्तावली होती. तिनं मला लालमहंमद हकिमांकडं ओढतच नेलं. हकिमांनी नाडी धरली, माझ्या पोटाकडं पाहिलं (त्यासाठी त्यांना मान वळवावी लागली नाही) आणि म्हणाले, "मुन्शीजी, गोश्त बंद. चाळीस दिवस पालेभाजी खा, फळं खा. ही धाप अशीच राहिली तर काळीज दमंल."

बाहेर आल्यावर तुळजाबाई वाटेतच डोळ्याला पदर लावून उभी राहिली. "अवो, मला तुमी पायजेल हाव," एवढंच म्हणाली. मला एकदम भरून आलं. त्या भरात मी माझा भाजीचा नेम कचेरीत, पारावर, न्हाव्याकडं, सगळीकडं सांगून टाकला.

आठव्या दिवशी येळवस आली.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं, आणि वाटेनं जाणाऱ्याला भज्जी खाल्ल्याशिवाय बांध ओलांडू देत नाहीत. ही भज्जी तळणीतली नव्हे. हरभऱ्याचा पाला, मेथी, वाटाणे, वालाच्या शेंगा, गाजरं, वांगी, रानात हाताला लागेल ते सगळं चिंच-बेसनात शिजवतात. म्हणजे हकिमांचं औषधच की! वाटीभर भाजीनं चाळीस दिवसांत गुण येत असेल, तर चाळीस वाट्यांनी एका दिवसात यायला काय हरकत आहे? (डोकं माझं पहिल्यापासून तल्लख.)

तुळजाबाई पहाटेच भावाच्या शेतात गेली होती, येडशीच्या वाटेवर. मला दुपारपर्यंत पायी पोचायचं होतं. पहिलंच शेत शिवलिंगप्पांचं लागलं.

"मुन्शीजी, पाला खाताय म्हणं?"

"व्हय. हकिमांचा हुकूम हाय."

"सिद्धम्मा, मोठी वाटी आण गं! माणसाच्या जिवाचा सवाल हाय!"

तीन वाट्या, बाजरीचे दोन वाफवलेले उंडे, गाडगंभर आंबील, आणि वर खिशात बोरं कोंबली. पुढच्या बांधावर बिरदेव वाटच अडवून उभा.

"शिवलिंगप्पाकडं किती खाल्ली?"

"तीन वाट्या."

"मग आमी काय पाप केलंय?"

तिथं चार झाल्या. अशी सात शेतं झाली. प्रत्येक ठिकाणी माझ्या आजाराची बातमी माझ्या आधी पोचलेली, आणि प्रत्येकाला मी जगावं असं मनापासून वाटत होतं. पाचव्या शेतात धोतर सैल केलं. सातव्यात बसलो, तर दोघांनी धरून उठवलं.

आठवं शेत मेहुण्याचं. तुळजाबाई झाकलेल्या भांड्याशी उपाशी बसली होती.

"तीन दिस हिंडून बत्तीस परींचा भाजीपाला जमवलाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी तिखट बेतानं टाकलंय. तुमी आल्याबिगर झाकण काढलं न्हाय."

आता या बाईला 'भूक नाही' कसं सांगायचं? मी म्हटलं, "वाढ."

पहिला घास डोळे मिटून गिळला.

"कशी झालीय?"

"अशी भज्जी उभ्या मुलखात न्हाय!"

"तुमी म्हणताय म्हंजी खरंच असंल," ती शांतपणे म्हणाली. "आज सात ठिकाणची खाल्लीय की तुमी. बांधाबांधावरनं तुमच्या आधीच बातमी आलीय."

"आणि तरी मला वाढलंस?"

"बघत हुते, माझ्यासाठी किती खाताय ते." आणि ती पदरात तोंड घालून जी हसायला लागली, ती थांबेचना. कितीतरी दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं. त्या आनंदात मी आणखी दोन वाट्या खाल्ल्या. मग मला धान्याच्या पोत्यासारखं बैलगाडीत घालून हकिमांकडं आणलं.

हकिमांनी बराच वेळ नाडी धरली. "काय खाल्लं?"

"भाजी," मी कण्हलो.

"किती?"

"आठ शेतं," तुळजाबाईनं सांगितलं.

हकिमांच्या भुवया वर गेल्या. "अजब हाय! नाडी तर लई सुधारलीय. धापबी न्हाय."

मी पडल्यापडल्या छाती फुगवली (पोट आधीच फुगलेलं होतं). "बघितलंस? हा भाजीचा गुण!"

"भाजीचा कसला?" हकीम म्हणाले. "ती अजून गळ्यापाशीच हाय. आठ शेतं पायी तुडवलीत, त्याचा गुण. रोज चाला. आन् भाजी खा, पण एक वाटी!"

तेव्हापासून तुळजाबाई मला रोज त्या आठही शेतांवरून चालवत नेते. कुणी बांधावरून "मुन्शीजी, या, दोन घास खाऊन जा" म्हणालं, की मी तोंड उघडायच्या आत तीच सांगते, "नगं. त्यांचं पौष सरंपातुरचं जेवण झालंय."