पिशवी ओता

आमच्या सेलूत आजारी माणसाला भेटायला जाताना लोक केळी नाहीतर बिस्किटाचा पुडा नेतात. कांबळेकाका भिंग नेतात. "कसं वाटायलंय?" वगैरे विचारायच्या भानगडीत न पडता ते पलंगाच्या कडेला बसतात आणि म्हणतात, "पिशवी ओता."

पिशवी म्हणजे औषधांची. काका दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले, पण नजर अजून तिथल्या खिडकीतच आहे. गोळ्यांच्या पट्ट्या ते चादरीवर समोरासमोर मांडतात, मुलाकडचे आणि मुलीकडचे बसवावेत तशा. मग निकाल देतात, "ह्या दोघी एका पोटात नांदायच्या न्हाईत. डॉक्टरला इचारा." लोक वैतागतात. मीही वैतागायचो.

गेल्या थंडीत आबा, माझे वडील, ओट्यावरून घसरले आणि कंबर धरून बसले. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेली दुखण्याची गोळी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा गाढ झोपले. आम्ही खूश, दुखणं थांबलं म्हणून.

तेवढ्यात काका आले. मी तोंड वाकडं करून पिशवी ओतली. त्यांनी तीन पट्ट्या बाजूला काढल्या.

"ही दुखण्याची. हिच्यात अफूच्या जातीचं औषध हाय, आन् पॅरासिटामॉल. ही सर्दीची, हिच्यातबी पॅरासिटामॉल. आन् ही झोपेची कवापासून? डॉक्टरला सांगितली का?"

"ती कशाला सांगायची?" आई म्हणाली. "ती तर रोजचीच हाय."

काकांनी भिंग ठेवलं, आबांच्या छातीवर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत राहिले. "श्वास लय हळू चाललाय. दुखण्याच्या आन् झोपेच्या गोळीनं मिळून दाबलाय. रिक्षा बोलवा."

रिक्षात सगळ्या वाटेत त्यांनी आबांना डोळा लावू दिला नाही. "आबा, म्हशीचं नाव सांगा." तिसऱ्यांदा विचारल्यावर आबांनी एक सणसणीत शिवी घातली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, औषधं बदलली. थोडक्यात निभावलं.

पंधरा दिवसांनी आबा काठी टेकत काकांच्या घरी निघाले. मी सोबत होतो. काका एकटेच राहतात. गुडघा धरून त्यांनी दार उघडलं. आबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "पिशवी ओता."

काकांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी ओतली. त्यात एकच पट्टी होती, आबांना दिली होती तसलीच दुखण्याची गोळी, डॉक्टरांनी गुडघ्यासाठी लिहून दिलेली. एकही फोडलेली नव्हती.

"घेत का न्हाईत?"

"डॉक्टर म्हणले, पहिल्या गोळीला जवळ कोणतरी पाहिजे, लक्ष ठिवायला." काका खिडकीबाहेर बघत होते. "हितं कोण हाय?"

मला लाज वाटली. साऱ्या गल्लीच्या पिशव्या त्यांनी तपासल्या, त्यांची कुणी कधी मागितली नव्हती.

आबांनी काकांचं भिंग उचललं आणि पट्टी उलटी धरून बराच वेळ वाचली. "जेवलात?"

"जेवलो."

"मग घ्या. मी बसतो हितंच. लय गाढ झोपलात तर म्हशीचं नाव इचारतो."