जहाजानं रस्ता ओलांडला

चंद्रभानशेटच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या मुलाला झाला. विपुलचं वडिलांवर प्रेम नव्हतं असं नाही. पण डोळा बरा होईपर्यंत बाबा अमरावतीलाच नीलमकडे, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीकडे राहणार होते, आणि तेवढ्या वेळात दुकानाचं तोंड बदलून टाकायचा त्याचा बेत होता.

दुकान अकोल्याच्या भर बाजारात, चौकाच्या कोपऱ्यावर. चंद्रभानशेटच्या वडिलांनी स्वातंत्र्याच्या आधी बांधलेलं. कोपरा छान गोल वळवलेला, वर लांबलचक छज्जे, त्यांना पाइपांचे कठडे, आणि दर्शनी भिंतीत गोल गोल खिडक्या. कॉलेजातली मुलं कधीमधी येऊन फोटो काढत आणि या बांधणीला आर्ट डेको म्हणतात असं सांगून जात. अकोला इतक्या खोलात कधी गेला नाही. त्यानं एकदा पाहिलं आणि जहाज म्हणून टाकलं. मोर्णा नदीत होडी तरंगायची मारामार, पण शहरात जहाज होतं. दवाखाना, पिठाची गिरणी, वधूवर सूचक मंडळ, सगळ्यांचे पत्ते त्याच्यावरून सांगितले जात. दुकानाचं खरं नाव ‘चंद्रप्रभा वस्त्र भांडार’ होतं, पण ते फक्त बिलावर असायचं.

विपुलला या जहाजाची लाज वाटे.

“सगळा बाजार काचेचा झाला, आन् आपन अजून बोटीत बसून हावो,” तो बायकोला म्हणायचा.

“मंग बाबाले विचारा नं एकदा,” प्रणाली म्हणायची.

विचारून झालं होतं. बाबा म्हणाले होते, “मी हाव तोवर त्याले हात लावायचा नाई.” म्हणून यावेळी विपुलनं विचारलंच नाही. बाबा एसटीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीला बांबूंचा पहाड बांधला गेला.

नव्या तोंडासाठी आणलेल्या चकचकीत काळ्या शीट सपाट भिंतीवरच बसतात, हे त्याला काम सुरू झाल्यावर कळलं. मग गोल कोपऱ्यावर लोखंडी चौकट ठोकून तो चौकोनी केला. छज्जे मध्ये येत होते, ते छाटले. खिडक्या आणि कठडे भंगारात गेले. राहता राहिली ‘विपुल एम्पायर’ ही पाटी. ती नागपूरहून यायची होती आणि पाटीवाला रोज उद्याचं वचन देत होता.

रोज संध्याकाळी अमरावतीहून बाबांचा फोन येई.

“दुकान कसं आहे बापू?”

“एकदम मस्त बाबा. चमकून राह्यलं.”

यात खोटं काही नव्हतं.

आठवड्याभरात विपुलला त्या भंगारातल्या खिडक्या पुन्हा दिसल्या. समोरच्या दुकानावर. तिथे धर्मपाल दिवसभर बसत. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मुलाच्या नावानं त्यांनी ‘अश्विन ड्रेसेस’ हे शाळेच्या गणवेशांचं दुकान काढलं होतं. त्यांच्या खोक्यासारख्या सपाट भिंतीवर आता जहाजाच्या खिडक्या आणि वर पाइपाचा कठडा दिमाखात बसला होता.

“काका, हे काय लावून राह्यले?”

“तुमी टाकल्या, मी उचलल्या. शाळेतून येता-जाता या खिडकीत मी कप्तान शोधत होतो लहानपनी. कधी दिसला नाई, पन आशा सोडली नाई मी.”

विपुल पोट धरून हसला. त्यानंतर बरेच दिवस त्याला हसायची संधी मिळाली नाही.

कारण बस्ता जवळ आला होता. बार्शीटाकळीच्या खुशालरावांच्या घरात लग्न निघालं की सगळ्यांच्या कपड्यांचा बस्ता जहाजातच बांधला जाई. आजोबांपासूनची रीत. आणखी एक रीत होती, ती जास्त कडक. घरातली वडीलधारी बाई पहिल्या कापडाला हळदीकुंकू लावते, आणि एकदा ते लागलं की अख्खा बस्ता त्याच छपराखाली पुरा व्हायला हवा. मध्येच उठून दुसऱ्या दुकानात गेलं तर लग्नाला अपशकुन. असला बस्ता म्हणजे दुकानाची वर्षाची शान. नव्या दुकानाचं उद्घाटन याच बस्त्यानं करायचं आणि मग बाबांना बोलावून घ्यायचं, म्हणजे ते फार बोलणार नाहीत, असा विपुलचा हिशोब होता.

त्या सकाळी त्यानं गाद्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या, उदबत्ती लावली, प्रणालीनं चहाचं आधण ठेवलं. उदबत्ती संपली. चहा उकळून काळा झाला. कोणी आलं नाही. आला तो नीलमचा फोन.

“दादा, बाबा अकोल्याले पोचले!”

“आँ? कसे काय?”

“खुशालरावकाकांनं बस्त्याचं फोनवर सांगतलं त्याइले. मले न सांगता पहाटेच एसटीत बसले. आता त्याइचा फोन आला. विचारून राह्यले का, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रस्त्याच्या या बाजूचं त्या बाजूले दिसते का? डॉक्टरले काय विचारू मी?”

विपुलनं फोन कानाला तसाच धरून समोर पाहिलं. अश्विन ड्रेसेसच्या मधल्या गोल खिडकीत एक काळा चष्मा होता. चष्म्याखाली बाबांच्या मिशा होत्या.

तो धावत रस्ता ओलांडून गेला. आत बार्शीटाकळी मावत नव्हती. बाया खाली सतरंजीवर, पुरुष बाकांवर, लेकरं पाणी पिण्याच्या बाटल्यांच्या ढिगात. काउंटरवर धर्मपालच्या खुर्चीत चंद्रभानशेट बसलेले, आणि धर्मपाल कडेला उभे, स्वतःच्याच दुकानात पाहुणे आल्यासारखे.

“मी चारदा सांगतलं, हे जहाज नोहे, जहाज समोर होतं,” ते विपुलच्या कानात म्हणाले. “खुशालराव म्हनते, आमाले जहाज ओळखू येत नाई काय? आन् मंग तुमचे बाबा आले. आले तसे खुर्चीत बसले.”

“कुकू लागलं काय?” विपुलनं घाबरत विचारलं.

धर्मपालनी नुसतं बोट दाखवलं. खुशालरावांच्या आई, दुर्गाबाई, हात पुसत होत्या. त्यांच्यापुढे निळ्या चौकडीच्या कापडावर हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं उमटली होती.

“आजी, हे तर शाळेच्या फ्रॉकाचं कापड व्हय!”

“असू दे,” दुर्गाबाई म्हणाल्या. “शिकलेली सून येईन.”

“पन आपलं दुकान समोर आहे आजी. चला नं तिकडे. एसी लावला.”

“ते काय? ते तर ब्यांक दिसते,” खुशालराव म्हणाले. “आन् आता कुकू लागलं बाबू. इथून उठता येत नाई.”

विपुलनं आशेनं वडिलांकडे पाहिलं. काळ्या चष्म्यातून काही कळायला मार्ग नव्हता.

“पाहत काय राह्यला विपुल?” चंद्रभानशेट म्हणाले. “नवरीचा शालू काढ.”

इथे शालू नव्हते. इथे टाय होते, पट्टे होते आणि पहिली ते दहावी सगळ्या मापांच्या चड्ड्या होत्या. शालू समोर होते. विपुल गेला आणि शालूंचा गठ्ठा डोक्यावर घेऊन आला. मग बाबांनी पैठण्या मागितल्या. मग सोवळी. मग फेट्याचं कापड, मग मामाची धोतरं. प्रणाली काचेच्या दारातून गठ्ठे बाहेर देत होती आणि विपुल ऑटोरिक्षांच्या शिव्या खात रस्ता ओलांडत होता. एका फेरीत हिरवी पैठणी दुचाकीच्या हँडलला अडकून अर्ध्या चौकापर्यंत गेली. ती सोडवून आणेपर्यंत बाबांनी तिचा रंग नापसंत करून टाकला होता.

आतल्या गर्दीकडे पाहून जाणारे-येणारेही आत शिरायला लागले. जहाज पुन्हा सुरू झालं, असं कोणीतरी कोणाला सांगितलं. धर्मपालना हात बांधून उभं राहणं जमेना. तेही टेप घेऊन फेट्याचं कापड मोजायला लागले. त्या गडबडीत त्यांनी नवरदेवाच्या काकाला एक शाळेचा पट्टाही विकला. काकाला तो चपखल बसला.

उन्हं कलली तेव्हा बस्ता बांधून झाला. पिशव्या धर्मपालच्याच होत्या. नवरीचा शालू ‘चला शाळेत जाऊ’ असं छापलेल्या पिशवीतून टेम्पोत चढला. खुशालरावांनी निघताना चंद्रभानशेटचे हात हातात घेतले.

“शेट, दुकान लय बारीक केलं तुमी. पन जहाज ठेवलं, हे बेस केलं.”

टेम्पो गेला. घामानं चिंब झालेला विपुल बाकावर टेकला. आता सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं.

“बाबा, मले तुमाले काही सांगायचं होतं.”

“सांग. सकाळपासून मी तेच ऐकाले बसलो.”

विपुलनं मान वर केली. चंद्रभानशेटनी चष्मा काढून हातात घेतला होता आणि ते रस्त्यापलीकडे पाहत होते.

“तुमाले मालूम होतं?”

“ऑटोतून उतरलो तवा पहिले वाटलं, डॉक्टरनं डोळा उलटा बसवला. नीलमले फोन केला. मंग त्या तुझ्या काळ्या शीटमंदी मले माझं तोंड दिसलं. ते बरोबर जाग्यावर होतं. म्हनलं, डोळा ठीक आहे, पोरानंच फिरवलं सगळं.”

“मंग इकडे काहून बसले?”

“खुशालराव इकडे बसला होता. मी काय तिकडे उभा राहून काचेत मिशा पाहू?”

धर्मपाल दुकान आवरण्याच्या निमित्तानं मागे सरकले.

“कोपरा आत शाबूत आहे?”

“नाई बाबा. चौकट ठोकताना फुटला.”

“आन् छज्जे?”

विपुलनं मान हलवली.

“माह्या बापाले तो कोपरा मनासारखा गोल पाह्यजे होता. गवंडी बदलला, पन कोपरा नाई बदलला.” एवढं बोलून ते थांबले. रागावले असते तर विपुलला सोसलं असतं. हे काही त्याला सोसेना. सकाळपासून वाहिलेल्या सगळ्या गठ्ठ्यांपेक्षा ते जड झालं आणि त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नागपूरचा पाटीवाला. पाटी घेऊन अकोल्यात पोचला होता आणि कधीचा बाजारात फिरत होता.

“हाव, विपुल एम्पायरच,” विपुल नाक ओढत म्हणाला. “चौकातच... काळी बिल्डिंग... नाई हो, ते मोबाइलचं दुकान... काच आहे, हाव... नाई नाई, ते ब्यांक व्हय, तिथून मागे या...” पाटीवाल्याला काही उमगेना. विपुलनं हताश होऊन वर पाहिलं. समोर कठडा होता, गोल खिडक्या होत्या. “असं करा,” तो म्हणाला, “कोनालेबी जहाज विचारा. जहाजाच्या बरोबर समोर.”

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. चंद्रभानशेटनी काळा चष्मा हळूच पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“धर्मपाल,” त्यांनी आत हाक दिली, “उद्या दुकान किती वाजता उघडतं बाबू?”