मामांचा साधा आवाज

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघतो का, हे तपासायला भाच्याने खोटा रुग्ण म्हणून सख्ख्या मामांनाच आणलं होतं. भाचा हॉस्पिटलात गुणवत्ता अधिकारी, मामा हौशी नट. दुपारी मोठे साहेब आकडा मागणार होते आणि भाच्याची नोकरी अजून कच्ची होती.

"मामा, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, एवढंच सांगा. मरणाचा प्रवेश नको."

"मला शिकवतोस?"

भाचा तातडीच्या विभागात खांबाआड दडला आणि त्याने स्टॉपवॉच सुरू केलं. मामा काउंटरवर गेले, "जरा जड वाटतंय हो," असं पुटपुटले आणि खुर्चीत बसले. ना कळ, ना हुंदका!

"बसा हं काका, कागद करते," काउंटरवरची बाई म्हणाली.

तीन मिनिटं गेली. चार गेली. भाच्याने पुन्हा स्टॉपवॉच पाहिलं. त्याने खांबाआडून खूण केली, अभिनय वाढवा! मामांनी नुसता हात हलवला. शेवटी भाच्याने स्वतःच करून दाखवलं. छाती आवळली, डोळे फिरवले, डावा हात झटकला.

"सिस्टर, खांबामागे एकजण कोसळतोय!" काउंटरवरची बाई ओरडली.

पुढच्या क्षणी भाचा खाटेवर, शर्ट वर, छातीला तारा.

"अहो, मी रुग्ण नाही!"

"सगळे पुरुष हेच म्हणतात. हलू नका." सिस्टरने कागद पाहिला. "ठणठणीत! मग ही थेरं कशाला?"

भाच्याने सगळं ओकून टाकलं. सिस्टर तणतणत मामांकडे गेली. "काका, उठा. नाटक संपलं."

"नाटक कसलं, बाई? सकाळपासून खरंच जड वाटतंय. घरी बोललो असतो तर बायकोने घर डोक्यावर घेतलं असतं. हा भाचा ईसीजी काढून देतो म्हणाला, म्हटलं आयतंच झालं."

सिस्टर तीरासारखी सुटली. मामांच्या ईसीजीचा कागद बाहेर आला तेव्हा भाच्याच्या मुठीतलं घड्याळ नऊ मिनिटं चाळीस सेकंद दाखवत होतं.

"थोडक्यात वाचलात," डॉक्टर म्हणाले. "औषध सुरू केलंय. पण दोन दिवस इथेच."

भाच्याने खिशातून फोन काढला. "मामा, आता मामीला काय सांगू?"

"सांग, काम आवडलं त्यांना," मामांनी डोळा मिचकावला. "आणखी दोन प्रयोग लावलेत."