गुंडीचं जाकीट

शिंप्याच्या पँटवर रक्ताचा डाग पडला, आणि तोही नेमका नको त्या जागी. बायकोने धुण्याच्या बादलीपाशी पँट उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"अहो, हे काय?"

खोटं बोलायचं असलं की शिंपी आधी खोकायचा. तो खोकला. "सुई टोचली असेल."

"तिथे?"

शिंप्याने पँट तिच्या हातून ओढून बादलीत बुडवली. कारण डाग त्याचा नव्हताच, गुंडीचा होता. गुंडी म्हणजे नातीने आणलेली गिनी पिग, वीतभर लांबीचं, बिनशेपटीच्या उंदरासारखं जनावर. ती आली तेव्हा यानेच आरडाओरडा केला होता, "हा उंदीर माझ्या कापडाजवळ दिसला तर घरात तो राहील नाहीतर मी!" पण नात शाळेत गेली, बायको आडवी झाली, की हाच माणूस तिला पिंजऱ्यातून काढायचा आणि मांडीवर घेऊन काज-बटणं करायचा. गुंडी हे नावही त्याचंच, चोरून ठेवलेलं. काल त्याने तिला चोरून बीट चारलं होतं. बीट खाल्लं, लाल मुतली, हिशेब संपला. आता हे सांगायचं कुणाला? त्यापेक्षा आजारी पडलेलं बरं.

संध्याकाळपर्यंत मुलाला कळलं. पुरुषाच्या लघवीत रक्त म्हटल्यावर घर कसं गदागदा हलतं! बाईने कण्हत कण्हत वर्ष काढलं तरी "वय झालं" म्हणून सोडून देतात. इथे मुलाने सकाळच्या आत दवाखाना, तपासणी, सोनोग्राफी सगळं ठरवून टाकलं.

"बाबा, लपवू नका. असल्या गोष्टीत लाजायचं नसतं."

"अरे, मी ठणठणीत आहे!"

"सगळे असंच म्हणतात," बायको डोळे पुसत म्हणाली.

लघवीची तपासणी स्वच्छ आली. एखाद्याने सुटकेचा निःश्वास टाकला असता, पण तेवढ्यात दुसऱ्या पँटवर दुसरा डाग सापडला. झालं! शिंप्याला तांब्याभर पाणी पाजून, लघवी अडवून, सोनोग्राफीच्या बाकावर बसवलं. बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. काल तर बीट दिलंच नव्हतं.

आत डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली.

"लघवी करताना दुखतं? कळ येते?"

"नाही," शिंपी म्हणाला, आणि त्याला आठवलं, गुंडी मुतताना बारीक किंचाळते. त्याला वाटायचं, गप्पा मारते.

"पोट फुगल्यासारखं वाटतं?"

"नाही..."

"कपडे कमरेत घट्ट होतात?"

शिंपी ताडकन उठून बसला. "मला नाही! तिला!"

"तिला? कुणाला?"

"रोज दुपारी माझ्या मांडीवर असते ती. ही झोपली की."

डॉक्टर भिंतीकडे बघायला लागले. बायको उभी होती ती स्टुलावर बसली. "चाळीस वर्षं संसार केला मी," एवढंच ती म्हणाली.

"अगं, तो उंदीर! आपला उंदीर!"

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, पण तोंडाची फटकळ. तिने टेबलावरच्या गुंडीकडे पाहिलं. गुंडीच्या अंगात निळ्या अस्तराचं जाकीट होतं, दोन बंदांचं, नीट कातरलेलं.

"हे कशाला?"

"दोन्ही बाजूंचे केस गेले तिचे. लोक बघतात, बरं दिसत नाही. म्हणून शिवलं. घरी सांगितलं, कापडावर केस उडू नयेत म्हणून."

"आणि ही शिलाई उसवलेली दिसते."

"घट्ट व्हायला लागलं. शिवणीत जादा कापडाची माया ठेवली होतीच, ती सोडली." त्याने उसवलेली शिवण अंगठ्याने झाकली. "दोनदा."

"आजोबा," डॉक्टरीण जाकीट काढत म्हणाली, "केस गेले, जाकीट शिवलंत. पोट सुजलं, जाकीट सैल केलंत. दुखणं मापात बसवत होता तुम्ही! मूत्राशयात खडा आहे, त्याचं हे रक्त. आणि दोन्ही अंडाशयांवर पाण्याच्या गाठी. या माद्यांना होतं असं, मुकाट सोसतात. ऑपरेशन करावं लागेल. एवढ्याशा जिवाला भूल देणं सोपं नाही, आधीच सांगते."

बाहेर बाकावर शिंपी जाकीट मुठीत धरून बसला. मघाचं तांब्याभर पाणी अजून पोटात होतं, पण जागचा उठेल तर शपथ. मध्येच आतून काही हालचाल झाली की मान वर करायचा.

मुलाने वाकून पाहिलं. "बाबा, तुम्ही रडताय?"

"एवढं पाणी पाजलंत ना मला? कुठून तरी बाहेर येणारच."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या तळहातावर वाटाण्याएवढा खडा होता. "जागी झालीय. आणि शुद्धीवर आल्या आल्या मला चावली."

"चावली?" शिंप्याचा चेहरा उजळला. "शाबास!" आणि मग तो जो पळाला तो थेट संडासाकडे.

आठवडाभरात गुंडी राजरोस त्याच्या मांडीवर बसायला लागली. आता चोरी कुणाची? शिंपी जाकीट पुन्हा आत घेत होता. बायको शेजारी पालेभाजी निवडत होती, देठ गुंडीपुढे टाकत होती. सहज म्हणून ती बोलली,

"माझ्या गाउनची कंबरही यंदा दोनदा सैल केलीत तुम्ही."

शिंप्याची सुई थांबली. त्याने बायकोकडे पाहिलं. किती दिवसांनी, कोण जाणे. दुपारी आडवी होते म्हणजे झोपच लागते असं आपण कशावरून धरलं?

"दुखतं का गं?"

"इश्श! तसं काही नाही. जरा जड वाटतं, एवढंच. वय झालं आता."

शिंप्याने गुंडीला उचलून हलकेच तिच्या मांडीवर ठेवलं, स्वयंपाकघरात गेला आणि तांब्या काठोकाठ भरून आणला.

"हे काय?"

"पी," तो चपला शोधत म्हणाला. "आणि पोचेपर्यंत अडवून धर."