दोहा शाखेचे अध्यक्ष

गंगारामदादांच्या खोलीत सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय बांगडासुद्धा तळला जात नसे.

मी दोह्याच्या नजमा भागातल्या त्या खोलीत बॅग घेऊन शिरलो तो शुक्रवार होता. सहा खाटा, खिडकीत घरघरणारा एसी, कोपऱ्यात कांदा चिरणारे उस्मानभाई आणि मधोमध रंगाच्या उपड्या डब्यावर बसलेले एक काटकुळे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आज बांगड्याचं कालवण करावं असा उस्मानभाईंचा प्रस्ताव आहे," ते म्हणाले. "अनुमोदन?"

खाटांवर लोळणाऱ्या मंडळींपैकी कोणी हूं की चूं केलं नाही. सगळे पंखा, छत, स्वतःच्या पायाचा अंगठा असं काहीतरी बघत होते.

"अनुमोदन नाय. प्रस्ताव बारगळला. डाळ करा."

लगेच सगळे उठून बसले. "अरे दादा, अनुमोदन! माझं अनुमोदन!"

"वेळ गेली. पुढच्या शुक्रवारी मांडा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही नवे. तुम्हाला मत नाय, पण चर्चेत भाग घेता येईल."

त्या दिवशी बांगडे फ्रीजमध्ये राहिले आणि आम्ही डाळ खाल्ली.

हा वेडेपणा आला कुठून, हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. गंगारामदादा एका बांधकाम कंपनीत शटरिंगचे सुतार होते. पण ते त्यांचं पोटापाण्याचं काम. खरं काम म्हणजे खारवली गावच्या शिक्षण मंडळाच्या दोहा शाखेचं अध्यक्षपद. कोकणातल्या गावाला दोन कमिट्या असतातच, एक गावातली आणि एक मुंबईतल्या गाववाल्यांची. पैसा मुंबईवाल्यांचा म्हणून शब्दही त्यांचाच. खारवलीचे सात-आठ जण कतारला आले तेव्हा दादांनी तिसरी कमिटी काढली. खोलीत मी एकटाच सोलापूरचा. सभेला गणसंख्या कमी पडायला लागली तेव्हा त्यांनी मला 'स्वीकृत सदस्य' करून टाकलं. ज्या गावाची वेस मी कधी पाहिली नव्हती, त्या गावच्या शाळेच्या कारभारात मला मत मिळालं. स्वतःच्या शहरात तेव्हा मला कोणी विचारतही नव्हतं.

खारवलीत फोन नव्हता. पत्रावर मुंबईवाल्यांचा विश्वास नव्हता. दादाने एकट्यानेच बसून लिहिलं असेल म्हणायचे. म्हणून दादांनी सभाच कॅसेटवर घ्यायला सुरुवात केली. दोन टेपरेकॉर्डर घेतले, एक खोलीत ठेवला, एक शाळेला पाठवला. आमची सभा भरायची, टेप व्हायची आणि रजेवर निघालेल्या कोणाच्या तरी बॅगेत साबणाच्या वड्यांशेजारी बसून गावाला जायची. तिथे शाळेच्या ओट्यावर ती कॅसेट लावून गाव आपली सभा घ्यायचं आणि उत्तर टेप करून परत पाठवायचं. एका विषयाचा निकाल लागायला दोन-तीन माणसांच्या रजा खर्ची पडत.

टेपमध्ये घरघर येते म्हणून सभा सुरू होताना एसी बंद. दोह्याच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवल्यावर! आम्ही बनियनवर घामाने निथळत शाळेच्या मुतारीच्या जागेवर चर्चा करायचो. टेपवर हात वर केलेला दिसत नाही, म्हणून मतदानाला प्रत्येकाने नाव घेऊन 'मंजूर' म्हणायचं. एकदा उस्मानभाई खोकले आणि गावाकडून हरकत आली, "दोहा शाखेत एका इसमाने दोनदा मत दिल्यासारखे वाटते. खुलासा व्हावा." उस्मानभाई म्हणजे दादांचे बालमित्र, एका आळीत वाढलेले. एरवी हाक मारायची ती 'गंग्या' अशी. सभेत मात्र त्यांनाही 'अध्यक्ष महोदय' म्हणावं लागे. ते म्हणायचेही, पण तोंडात पान असल्यासारखे.

माझं आणि दादांचं पटायचं नाही. माझे वडील गिरणीतल्या युनियनचे. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळे माझं मत तेव्हाही साफ होतं आणि आजही तेच आहे, की गावातल्या पोरांची शाळा ही सरकारची जबाबदारी. वाळवंटात खपणाऱ्या सुताराच्या खिशात हात घालून ती चालवायची ही शरमेची गोष्ट आहे. दादांनी स्वतःची एक रजा शाळेच्या पत्र्यांवर घातली होती. वादळात प्राथमिक शाळेचं छप्पर उडालं. शाळा जिल्हा परिषदेची, पण परिषद म्हणाली यंदा तरतूद नाही, पंचायत म्हणाली इमारत आमची नाही. दादा घरी गेले नाहीत, रजेचा पगार घेतला आणि पत्रे बसवले.

"दादा, तुम्ही पत्रे घातले म्हणून परिषद निजली," मी म्हणायचो. "पोरांना घेऊन कचेरीवर बसला असता तर झक मारत घातले असते."

"पोरं कचेरीवर बसली की शिकणार कधी, पत्रकवाले?"

"असंच चालू ठेवा. उद्या मास्तरांचा पगारही तुम्हीच द्या."

"तोच तर पुढचा विषय हाय," दादा म्हणाले. "येत्या शुक्रवारी घेतलाय."

गावात सातवीपर्यंतच शाळा होती. हायस्कूल खाडीपलीकडे. होडीच्या तरीतून जायचं, आणि पावसाळ्यात ती बंद. मुलगे नातेवाईकांकडे राहून शिकत. मुली सातवीनंतर घरी बसत. गाव आठवीचा वर्ग काढायचं म्हणत होतं. परवानगी मिळत होती, पण विनाअनुदान. म्हणजे सुरुवातीची वर्षं मास्तरांचा पगार गावाने भागवायचा, शाळेच्या नावाने बँकेत ठेव ठेवायची. मग कधीतरी तपासणी, मग कधीतरी अनुदान. मुंबई कमिटीला हे नको होतं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या संस्थेला जागा देऊन टाकू, ते काढतील हायस्कूल, असं त्यांचं म्हणणं. कधी काढतील? ते पुढारी ठरवणार. गाव एका बाजूला, मुंबई एका बाजूला. आमच्या मतावर निकाल होता.

दादांची मुलगी सुमन त्या वर्षी सातवीत होती. हे मला उस्मानभाईंनी सांगितलं. सभेत दादांनी तिचं नाव काढलं नाही आणि कोणाला काढूही दिलं नाही. "घरगुती बाब. इतिवृत्तात नको," ते म्हणायचे.

हा नियम ते भलताच कडक पाळत. खोलीत बाकी सगळ्यांना घरच्या कॅसेट यायच्या. बायको बोलायची, पोरं गाणी म्हणायची, मागे म्हैस ओरडायची आणि ऐकणारा मोठा बाप्या भिंतीकडे तोंड करून पडायचा. दादांच्या घरी मशीन नव्हतं. त्यांनी दुसरं मशीन शाळेला दिलं होतं. हेडमास्तरांनी एकदा टेपच्या शेवटी दादांच्या बायकोला चार शब्द बोलायला बसवलं. तिने "अहो, ऐकता ना..." एवढं म्हटलं आणि दादांनी बटण दाबून टेप बंद केली. पुढच्या कॅसेटमध्ये हेडमास्तरांना समज दिली, "शाळेचे यंत्र अध्यक्षांच्या घरच्या कामासाठी वापरू नये."

उस्मानभाई चिडले. "गंग्या, तू माणूस हायस का शिक्का? माझ्या घरी मशीन हाय. वहिनीला आन् पोरीला तिथं जाऊन बोलू दे."

"उद्या मुंबईवाले म्हणतील, अध्यक्षाचं घर सदस्याच्या मशीनवर चालतं."

"म्हणू दे!"

"अध्यक्ष महोदय म्हण."

घरून त्यांना पत्रं यायची. सुमन लिहायची, अक्षर छापल्यासारखं. दादा ते पत्र आम्हाला दाखवायचे, पण फक्त पाकिटावरचा पत्ता.

तर तो शुक्रवार. एसी बंद, टेप सुरू. दादांनी आठवीचा ठराव मांडला, उस्मानभाईंनी अनुमोदन दिलं. "कोणाचा विरोध?" मी उभा राहिलो. मला ठरावाचा राग नव्हता, रीतीचा होता. सरकारवरचं ओझं आपण उचललं की सरकार ते कायमचं आपल्या डोक्यावर ठेवणार, हे कोणीतरी टेपवर म्हणायला हवं होतं. मी बोलायला लागलो. वडिलांची सगळी पत्रकं माझ्या अंगात आली. मंडळी घामाने चिकट झाली, एकजण "यल्ला भाई, खलास कर" म्हणाला. दादांनी त्यालाच गप्प बसवलं. "विरोधी मताला पुरेसा वेळ द्यायला लागतो. बोला तुम्ही."

मी बोललो. मग मतदान झालं. माझं एक सोडून सगळे मंजूर. टाळ्या झाल्या, एसी लागला, कॅसेट दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या माणसाच्या बॅगेत गेली.

महिन्याने गावाचं उत्तर आलं. सरपंचांचा आवाज पडलेला होता. "दोहा शाखेचं जळजळीत भाषण ऐकलं. शाखेचा विरोध असेल तर गावाचा नाइलाज आहे." मागे मुंबई कमिटीचा कोणीतरी मोठ्याने "ऐकलंत ना!" म्हणाला.

कॅसेटची बाजू माझ्या भाषणातच संपली होती. मतदान टेपवर चढलंच नव्हतं.

खोलीत जो हशा पिकला तो बराच वेळ थांबेना. "पत्रकवाल्याने सरकार सोडून आपलीच शाळा पाडली!" उस्मानभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. दादा हसले नाहीत. ते कॅलेंडरसमोर उभे होते. जूनला शाळा सुरू होणार होती.

"भाषण कापायला पाहिजे होतं रे, गंग्या," उस्मानभाई हसू आवरत म्हणाले.

"नाय. भाषण बरोबर होतं. कॅसेट लहान होती."

पुन्हा सभा, पुन्हा मतदान. या वेळी मतं आधी, चर्चा नंतर. आता ती कॅसेट घेऊन जाणार कोण? रजा दादांची होती. तिकीटसुद्धा झालेलं. आम्ही सगळ्यांनी धरलं, तुम्हीच जा, पोरीलाही भेटाल.

"अध्यक्षाने आपलाच ठराव बॅगेतून न्यायचा? समोर बसून मतं मागितल्यासारखं होतं." मग म्हणाले, "आन् दोहा शाखेने ठेवीतला वाटा कबूल केलाय. तो काय आभाळातून पडणार?"

त्यांनी ही रजाही विकली. कंपनीला विनवून आपल्या जागी उस्मानभाईंना पाठवलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. राग त्यांचा नव्हता. ज्या कचेरीत एका सहीने हे काम व्हायला हवं होतं, तिचा होता. पण ती कचेरी नजमात नव्हती.

उस्मानभाई परतले ते जून उलटून गेल्यावर. हातातली कॅसेट उंच धरूनच खोलीत शिरले. एसी बंद करायची गरज नव्हती, ऐकायचंच होतं; तरी दादांनी केला.

ठराव मंजूर. मुंबईवाले हरले. आठवी पंचायतीच्या गोदामात सुरू झाली होती. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की अर्धं कळलं नाही. मग हेडमास्तर म्हणाले, "आता आठवीच्या वर्गातर्फे एक विद्यार्थिनी आभार मानेल."

एक मुलगी बोलायला लागली. आवाज खणखणीत, पाठ केलेलं असूनही कुठे घाई नाही. "आदरणीय अध्यक्ष महोदय, आणि दोहा शाखेचे सन्माननीय सदस्य..."

दादांनी मान डोलावली. उस्मानभाईंकडे झुकून हळूच विचारलं, "कोणाची रे पोर? छान बोलते."

उस्मानभाई त्यांच्याकडे बघत राहिले. मुलीने आभार संपवले आणि शाळेत शिकवतात तसं शेवटी नाव सांगितलं, "कुमारी सुमन गंगाराम पाष्टे, इयत्ता आठवी." टाळ्या वाजल्या, तिथेही आणि आमच्या खोलीतही. मग आमच्या बाजूच्या थांबल्या.

कोणीतरी टेप मागे घ्यायला हात पुढे केला. "असू दे," दादा म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

थोड्या वेळाने मी गच्चीवर गेलो. ऊन उतरलं होतं. वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे दादा उभे होते, खालच्या रस्त्याकडे बघत. कॅफेटेरियासमोर चहाला गर्दी झाली होती.

"मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिसरीत होती," ते म्हणाले. "दोन महिने होतो, पण ते सगळे शाळेच्या कामाने कचेऱ्यांत गेले. रात्री घरी यायचो तर झोपलेली असायची. तेव्हा जरा बोबडं बोलायची."

मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकलो.

"पत्रकवाले, तुम्ही शहरातले," ते म्हणाले. "हायस्कुलातल्या पोरी बापाला काय म्हणतात? बाबा म्हणतात, का आणखी काय?"

"बाबाच म्हणतात, दादा."

त्यांनी मान हलवली. मग कोणाचा तरी वाळलेला शर्ट दोरीवरून काढून नीट घडी घालायला लागले.