चंद्रकलेची शेपटी

समिधाला शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये मासा व्हायचं होतं, पण साधा नाही. सदर बाजारातल्या भाड्याच्या पोशाखांच्या दुकानात गोल्डफिश होता, मगर होती, कंबरेपर्यंतची जलपरी होती. तिला समुद्रातला ईगल रे मासाच हवा होता: काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, पांढरंशुभ्र पोट, पंखांसारखे पर आणि अंगाहून लांब शेपटी. दुकानदार म्हणाला, "दीदी, नर्मदाजी में ऐसा कुछ नहीं होता," आणि त्याने विषय संपवला.

तिच्या आईने, यशश्रीने, मनावर घेतलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीसाठी बांधलेल्या गाठोड्यात एक जुनी साडी होती, काळीभोर, पांढऱ्या ठिपक्यांची, जणू माशासाठीच विणलेली. दुपारी लेक झोपली की ती शिवायला बसे. पोटाला चादर लावली, लाल काठाची शेपटी केली. समिधा तेव्हापासून पोह्यांत नाक खुपसून खाऊ लागली, कारण रे वाळूत तसंच तोंड घालून शिंपले शोधतो.

शेपटी लागली त्याच दिवशी सासूबाई, शरयूताई, कपाटापुढे उभ्या राहिल्या. "संक्रांत आली. माझी चंद्रकला कोणी पाहिली का?"

चंद्रकला म्हणजे काळी, ठिपक्यांची साडी. पहिल्या संक्रांतीला त्यांच्या सासूने दिलेली. बाहेर बसलेल्या सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शरयूताईंनी पुन्हा विचारलं. आईची तेवढीच आठवण उरलीय घरात, असं रामकृष्णराव पेपराआडून म्हणाले.

यशश्रीने शिवलेली शेपटी पदराआड ओढली. "ड्रायक्लीनला दिली, आई."

त्यात आजी-आजोबा दोघेही कार्यक्रमाला येणार असं ठरलं. आता लेकीला गोल्डफिश करणं म्हणजे तिचं मन मोडणं. यशश्रीने तिला मांडीवर घेऊन समजावलं, की रेला खालून पाहिलं तर पोटच दिसतं, आणि आजी-आजोबा स्टेजच्या खाली बसणार आहेत. तेव्हा पाठ फिरवायची नाही.

समिधाने कबूल केलं. स्टेजवर ती पोट पुढे करून पंख हलवत राहिली. टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून तिला आठवलं, की रे पाण्याबाहेर उडीसुद्धा मारतो. तिने उडी मारली, पालथी आपटली आणि रेसारखी पसरून राहिली. काळी पाठ, ठिपके, लाल काठ, सगळं पहिल्या रांगेसमोर.

शरयूताई शेपटीकडे बघत राहिल्या. मग सुनेच्या कानाशी वाकल्या. "गाठोड्यात मीच टाकली होती. काठाची जर टोचते अंगाला. सासूची म्हणून आजवर बोलता नाही आलं."

"मग काहून शोधून राहिल्या होत्या?"

"हरवली म्हणायला आधी शोधावी लागते, बाई."

तेवढ्यात रामकृष्णरावांनी शूटिंग थांबवून मोबाईल खाली घेतला. "बेटा, हे कापड कुठून आणलं?"

"सदरमधून," दोघी एकदम म्हणाल्या.

"बरं झालं." त्यांचे डोळे पाणावले होते. "थेट आईच्या साडीसारखं आहे. ड्रायक्लीनवाल्यांचा काही भरवसा नसतो. उद्याच जाऊ, शरयूला दोन घेऊन ठेवू."