गुप्तेकाकांची खिडकी

गुप्तेकाका चित्रासाठी पाणीसुद्धा घरून नेतात. "टँकरच्या पाण्याने आभाळ मळतं," हे त्यांचं शास्त्र. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाले, मागोमाग काकू गेल्या, आणि काकांनी जलरंग हातात घेतले. ठाण्यात कुठेही इमारत पाडायला घेतली, की घडीची खुर्ची घेऊन काका समोर हजर. "उभी इमारत कुणीही काढेल रे. पडतानाची काढायला नजर लागते!"

मग काका आणि मी राहायचो तीच इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद कुणी मागून घेत नाही, गळ्यात पडतं. डोंबिवलीत भाड्याने राहून रोज ठाण्याला खेपा घालताना मी इतका थकलो होतो, की फोन वाजला तरी उचलावासा वाटत नसे.

त्या दिवशी फोनवर बिल्डरचा सुपरवायझर होता. "साहेब, तुमचे काका उठत नाहीत. जेसीबी थांबलाय."

गेलो. आमची इमारत मागच्या जुन्या चर्चला पार चिकटून होती. काकांच्या स्वयंपाकघराची भिंत पडली, तर तिच्यामागून चर्चची दगडी कमानीची खिडकी निघाली. कैक पिढ्यांपूर्वीची. निळ्या काचेचा एक तुकडा अजून शाबूत होता. संध्याकाळी तिथे पत्रे ठोकणार, पुढे टॉवर उठणार, म्हणजे खिडकी पुन्हा गडप.

"काका, फोटो काढून देतो. उठा आता."

"फोटो तू काढ, तुझ्या ग्रुपवर टाक. मला आधी हा निळा वाळू दे."

या माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. मी सुपरवायझरला चहा पाजला, मग आणखी एक पाजला. पत्रे येईपर्यंत काकांचं चित्र पुरं झालं.

परवा एका सहीसाठी त्यांच्या माजिवड्याच्या भाड्याच्या घरी गेलो. चित्र हॉलमध्ये दिसेना. ते स्वयंपाकघरात होतं, शेगडीच्या मागे, भिंतीवर बरंच खाली टांगलेलं. कोपऱ्यावर हळदीचा शिंतोडा.

"काका, फोडणीने वाट लागेल त्याची! आणि इतकं खाली कशाला?"

काकांनी गॅस बारीक केला. "तुझी काकू म्हणायची, ओट्यासमोर खिडकी करा हो, जीव घुसमटतो. रविवारी पलीकडून गाणं ऐकू येतं म्हणायची. मी ड्राफ्ट्समन ना! नकाशा उघडून दाखवला तिला. म्हटलं, पलीकडे नुसती भिंत आहे."

मी सहीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"तिच्या उंचीला लावलंय," काका म्हणाले, आणि वाफ चित्रावर जाऊ नये म्हणून त्यांनी कुकर दुसऱ्या बर्नरवर सरकवला.